सगळे नीट सुरू असूनही अंगात त्राण का नसते?

वेळेवर जेवणारी, दारू-सिगारेटपासून लांब असलेली, सकाळी शिवाजी पार्कात फेऱ्या मारणारी माणसेही जेव्हा दिवसभर गळून गेल्याची तक्रार करतात, तेव्हा त्यांना घरातून आणि ऑफिसातून एकच उत्तर ऐकावे लागते : मुंबईत कोण दमत नाही? हे उत्तर खोटे नाही, पण त्याने मोठे नुकसान होते. लोकलची गर्दी, उकाडा आणि धावपळ यांच्या नावावर सगळा थकवा टाकला, की ज्या थकव्यावर साधा उपाय आहे तोही वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. याउलट काहीजण जाहिरात पाहून सत्तर-ऐंशी चाचण्यांचे पॅकेज घेतात. त्यांच्या हाती दहा-बारा पानांचा रिपोर्ट येतो, त्यात दोन-तीन आकडे ठळक अक्षरांत असतात, आणि थकव्याचे कारण नेमके त्याच आकड्यांत दडलेले असेल असे मुळीच नाही.

चाचण्यांच्या आधी तक्रार नीट ऐकावी लागते, कारण थकव्याच्या नावाखाली लोक किमान चार वेगळ्या गोष्टी सांगत असतात. पहिली म्हणजे पेंग येणे : बसल्या जागी डोळे मिटतात, मीटिंगमध्ये डुलकी लागते. दुसरी म्हणजे दम लागणे : रेल्वेचा जो पूल पूर्वी एका दमात चढता येत असे, तिथे आता मध्ये थांबावे लागते. तिसरी म्हणजे स्नायूंमध्ये जोर नसणे, जसे की खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणे. चौथ्या प्रकारात शरीर चालते, पण कशातच मन लागत नाही. या चारही तक्रारी एकाच माणसात एकत्र असू शकतात, तरीही त्यांतली कोणती सर्वांत ठळक आहे यावर तपास कोणत्या दिशेने करायचा ते ठरते. पहिलीचा माग झोपेकडे जातो, दुसरीचा रक्त, हृदय किंवा फुप्फुसांकडे, तिसरीचा थायरॉइड, ड जीवनसत्त्व किंवा स्नायूंच्या आजारांकडे, आणि चौथीचा मनाकडे. पेंग किती येते हे मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रश्नांची एपवर्थ नावाची मोजपट्टी मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसलेले असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे साधे प्रश्न त्यात आहेत, आणि २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर झोपेची चौकशी करावी असे मानले जाते.

झोपेपासूनच सुरुवात करायला हवी, कारण निरोगी राहणीचा हिशेब मांडताना लोक आहार आणि व्यायाम काटेकोरपणे मोजतात, झोप मात्र अंदाजाने सांगतात. समजा, डोंबिवलीत राहणारी एक बाई फोर्टमधल्या ऑफिसात काम करते. योगवर्ग साडेपाचला असतो, म्हणून गजर पावणेपाचचा. सव्वासातची फास्ट लोकल पकडायची, संध्याकाळी सातला निघून पावणेनऊपर्यंत घरी यायचे, मग जेवण, मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्याची भाजी निवडून ठेवणे, आणि सगळे आटोपल्यावर थोडा वेळ फोन. अंथरुणावर पाठ टेकेपर्यंत पावणेबारा वाजलेले असतात. हिशेब पाच तासांचा होतो, आणि ठाण्यापासून भायखळ्यापर्यंत खिडकीला डोके टेकून घेतलेली, प्रत्येक स्टेशनला मोडणारी झोप ती तूट भरून काढत नाही. प्रौढ माणसाने रोज किमान सात तास झोपावे, असे अमेरिकेतील झोपविषयक संस्थांनी २०१५ साली एकमताने सांगितले आहे. या बाईच्या दिवसातली सर्वांत आरोग्यदायी गोष्ट, म्हणजे पहाटेचा योगवर्ग, तिच्या झोपेतून कापून काढलेली आहे हे तिला कुणी दाखवून दिलेले नसते.

कमी झोपेची सवय होते, असे ठामपणे सांगणारे अनेकजण भेटतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीला छेद देतो. त्यात ४८ निरोगी तरुणांपैकी काहींना सलग १४ दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिले गेले. पंधरवड्याच्या शेवटी त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग इतका घसरला, की ती घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी भरली. त्यांना स्वतःला मात्र त्या मानाने फारशी झोप आल्यासारखे वाटत नव्हते. सवय झाल्याचा अनुभव खरा असतो. शरीराची तूट मात्र वाढतच राहते. चहाचाही इथे हात असतो. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या कटिंगचा अर्धा परिणाम रात्री अकरालाही शिल्लक असतो.

तास पुरेसे असूनही सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत नसेल, तर झोपेतील श्वासरोधाचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा विचार करावा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून तिथला श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. असे रात्रीतून शेकडो वेळा घडले तरी माणसाला सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. हा फक्त स्थूल पुरुषांचा आजार आहे ही समजूत चुकीची आहे. जबडा मागे असलेल्या सडपातळ माणसांना तो होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते. स्त्रिया बहुधा घोरण्याऐवजी सकाळची डोकेदुखी, रात्री जाग येणे आणि दिवसभराचा थकवा सांगतात, त्यामुळे त्यांचे निदान राहून जाते. घोरणे मध्येच थांबून पुन्हा गुदमरल्यासारखा श्वास सुरू होतो का, हे शेजारी झोपणारा माणूसच सांगू शकतो. निदानासाठीची झोपेची तपासणी आता घरी यंत्र नेऊनही करता येते.

दुसरे मोठे कारण लोहाची कमतरता, आणि त्यावर थोडे अधिक थांबायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. महाराष्ट्रातील स्त्रियांचा आकडा ५४.२ टक्के होता. पण हे आकडे हिमोग्लोबिनचे आहेत आणि लोहाची कमतरता हिमोग्लोबिन घसरण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. आपल्या इमारतींत जमिनीखाली एक टाकी असते आणि गच्चीवर दुसरी. पाणीकपात झाली की आधी खालची टाकी आटते, पण गच्चीवर पाणी आहे तोवर नळ चालू राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. हिमोग्लोबिन ही गच्चीवरची टाकी, तर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ही खालची. उपमा एका जागी अपुरी पडते, ती अशी की लोह फक्त हिमोग्लोबिनसाठी लागत नाही. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या अनेक विकरांनाही (एन्झाइम्सनाही) ते लागते, म्हणून हिमोग्लोबिन टिकून असतानाच थकवा सुरू होऊ शकतो.

असा एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणावा : हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार ७९, फेरिटिन ९. स्त्रियांसाठी हिमोग्लोबिनची खालची मर्यादा १२ असल्याने तो आकडा साध्या अक्षरांत छापलेला असतो. एमसीव्ही ८० च्या किंचित खाली म्हणून दुर्लक्षिले जाते, आणि फेरिटिन सहसा कुणी सांगितल्याशिवाय तपासलेच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असणे म्हणजे लोहाची कमतरता. अनेक तज्ज्ञ ही रेषा ३० वर ओढतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगाचच वाढलेले दिसते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हिमोग्लोबिन १२ च्या वर पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ थकलेल्या स्त्रियांपैकी काहींना १२ आठवडे लोह दिले आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास ४८ टक्क्यांनी कमी झाला. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी कमी झाला! लोहाचा फायदा खरा आहे हे या आकड्यांतून दिसते, तसेच कोणतेही टॉनिक घेतल्यावर 'मला फरक पडला' असे लोक इतक्या खात्रीने का सांगतात, तेही दिसते.

लोह कमी का झाले, हा प्रश्न गोळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. तरुण स्त्रियांमध्ये बहुतेक वेळा मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव कारणीभूत असतो आणि आईचीही पाळी तशीच होती म्हणून तो घरात नेहमीचाच समजला जातो. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे हे नेहमीचे नाही. त्यामागे गर्भाशयातील फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, असू शकतो. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी निघाले तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होत आहे का, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे आहे, कारण आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी एवढीच असते. शाकाहारी जेवणातील लोह मुळातच कमी शोषले जाते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते आणखी कमी करतो. भाजीवर पिळलेले लिंबू ते वाढवते. गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढून पुढचा सुमारे एक दिवस लोहाचे शोषण रोखते, म्हणून हल्ली अनेक डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात.

मुंबईत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. लाल पेशी लहान असूनही फेरिटिन भरपूर असेल, तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहकत्व असू शकते. सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा आणि पंजाबी समाजांत ते अधिक आढळते. वाहक माणसाला सहसा फारसा त्रास नसतो, पण त्याला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देण्याने काही साधत नाही, आणि थकव्याचे खरे कारण दुसरीकडेच राहून जाते.

रक्तक्षय आणि हे शहर यांचा संबंध जुना आहे. इंग्लंडमधील डॉक्टर ल्युसी विल्स १९२८ साली भारतात आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना, कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रियांच्या लाल पेशी लहान नसून नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. आहारात फळे, भाज्या आणि प्रथिने कमी असलेल्यांना हा आजार होतो हे त्यांनी ताडले, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर स्त्रीला दिले जाणारे फॉलिक ॲसिड. गिरणीत दहा-दहा तास उभे राहणाऱ्या बाईच्या थकव्याला कष्टांचे कारण सहज पुरले असते. विल्स तिथे थांबल्या नाहीत.

लाल पेशी मोठ्या करणारे दुसरे कारण म्हणजे बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते, त्यामुळे दूध-दही बेताने घेणाऱ्या शाकाहारी माणसांना ते कमी पडते, आणि अलीकडे दूधही सोडून दिलेल्यांना तर हमखास. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोज घेतली जाणारी पँटोप्राझोलसारखी औषधे त्याचे शोषण घटवतात. थकव्याबरोबर तळपायांना मुंग्या येणे, जीभ लाल होऊन झोंबणे, विसराळूपणा यांपैकी काही असेल तर ही चाचणी लवकर करावी. नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

थायरॉइडचे नाव सर्वांना माहीत असते, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, वजन वाढणे आणि कोरडी त्वचा ही लक्षणे थकव्यासोबत असतील तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, रक्तात तपासावे. टीएसएच किंचितच वाढलेले असेल तर थकव्याचे खापर त्यावर फोडण्याची घाई मात्र करू नये. २०१७ साली युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या चाचणीत अशा सौम्य बिघाडावर गोळी दिल्याने थकवा कमी झाला नाही. जे आधीपासून गोळी घेतात त्यांनी ती उपाशीपोटी घ्यावी, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. मधुमेह सडपातळ आणि सक्रिय माणसांनाही होतो, म्हणून एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी, करणे योग्यच. ड जीवनसत्त्वाबद्दल अपेक्षा थोड्या कमी ठेवाव्यात : काचेआडून येणाऱ्या उन्हात ते तयार होत नाही आणि उंच इमारतींच्या सावलीत राहणाऱ्यांना ते बऱ्याचदा कमी असते, परंतु त्याच्या तीव्र कमतरतेत मुख्यतः हाडे आणि मांड्या-खांद्यांचे स्नायू दुखतात. आकडा थोडा कमी असणे हे सगळ्या थकव्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

यानंतर येते ते कारण ज्याकडे निरोगी राहणीचा अभिमान असणारे सर्वांत शेवटी पाहतात : ती राहणीच. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही, भात बंद, पोळी एकच, आठवड्यातून दोन उपास, आणि त्याच वेळी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मरीन ड्राइव्हवर धावण्याचा सराव. खर्च वाढला आणि जमा घटली, की शरीर आपले कामकाज मंदावते : थकवा येतो, वारंवार सर्दी-पडसे होते, स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधील या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन मांडले, पण ती हौशी धावपटूंमध्येही दिसते. वजन काट्यावर नीट असले म्हणून खाणे पुरेसे आहे असे समजता येत नाही.

रोजच्या औषधांकडेही एकदा पाहावे. सर्दी-ॲलर्जीसाठीचे सेटिरिझिन, रक्तदाबासाठीची मेटोप्रोलोलसारखी औषधे आणि काही मानसोपचारांतील गोळ्या थकवा किंवा पेंग आणतात. त्या स्वतःहून बंद करू नयेत. वेळ किंवा औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यानंतर थकव्याच्या तक्रारी वाढतात, त्याला कारण आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया किंवा कोविडमधून ताप उतरला तरी अशक्तपणा काही आठवडे, कधी महिनोन्‌महिने रेंगाळतो. पण संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन घटणे आणि भूक मंदावणे हे सोबत असेल तर मुंबईत क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला ही ओळखीची खूण असली, तरी मानेच्या गाठी, मणका किंवा पोटातील क्षयात खोकला नसतोच. पालिकेच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि उपचार मोफत होतात. उगाच लाजून खाजगी टॉनिकवर महिने घालवू नयेत.

मनाच्या थकव्याबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकतर त्याचा उच्चारच होत नाही, नाहीतर सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की 'टेन्शन आहे, दुसरे काही नाही' असे सांगून बोळवण केली जाते. नैराश्यात उदासी जाणवेलच असे नाही. पहाटे तीन-चारला जाग येणे, आवडीच्या गोष्टीत रस न उरणे आणि सकाळी सर्वांत जास्त जड वाटणे इतकेच दिसू शकते. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

थोड्या लोकांच्या बाबतीत हे सगळे तपासूनही हाती काही लागत नाही, आणि त्यांचा थकवा वेगळ्याच चालीचा असतो : थोडे जास्त काम केले, की त्या वेळी ठीक वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अक्षरशः आडवा होतो. हे सहा महिन्यांहून अधिक चालले, झोपेने आराम पडत नसला आणि डोके जड किंवा धूसर राहत असेल, किंवा उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर डॉक्टर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा विचार करतात. या रुग्णांना हळूहळू व्यायाम वाढवण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली तसा ठरावीक वाढता व्यायाम देऊ नये असे सांगितले. 'उठून चालायला लाग म्हणजे बरे वाटेल' हा घरगुती सल्ला बाकीच्या अनेक थकव्यांत चालतो, इथे तो अपाय करतो.

चालताना छातीत दडपण येणे, पायांवर सूज, काळी शौच, न ठरवता वजन घटणे, किंवा नेहमीचे जिने अचानक चढता न येणे, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. स्त्रियांमध्ये हृदयविकार कधीकधी छातीत कळ न येता केवळ अचानक आलेल्या विलक्षण थकव्याने प्रकट होतो. एरवी दोन आठवडे एका वहीत झोपण्याची आणि उठण्याची वेळ, चहा किती आणि केव्हा, पाळीच्या तारखा, चालू औषधे आणि दिवसातला सर्वांत वाईट तास एवढे लिहून ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावे. त्यानंतर रक्ताची संपूर्ण तपासणी, फेरिटिन, बी-१२, टीएसएच, एचबीए१सी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी इतके बहुतेकांना सुरुवातीला पुरते. लोहाच्या किंवा बी-१२ च्या गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर ते आवर्जून सांगावे, कारण मग रक्तातले आकडे सुधारलेले दिसतात आणि मूळ कमतरता होती की नाही, हे त्यांवरून ओळखता येत नाही.